एका गणनेसाठी अनेक भाषा : वेगवान व सर्वत्र चालणाऱ्या वितरित संगणनाचा विचार

प्रस्तावना :

संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात एक प्रश्न दरवर्षी हमखास विचारला जातो : "सर, सगळ्यांत चांगली भाषा कोणती?" या प्रश्नामागे एक गृहीत दडलेले असते. एक भाषा नीट शिकली की सर्व कामे तिच्यातच करता येतील आणि उरलेल्या भाषा म्हणजे तिच्या प्रतिस्पर्धी, असे विद्यार्थ्याला वाटत असते. अभ्यासक्रमाची रचनाही या समजुतीला खतपाणी घालते. एका सत्रात सी, दुसऱ्या सत्रात जावा, तिसऱ्या सत्रात पायथॉन. प्रत्येक भाषेची प्रात्यक्षिकवही वेगळी आणि परीक्षाही वेगळी. या भाषा एकाच कामात एकमेकींच्या मदतीला येऊ शकतात, हे विद्यार्थ्याला पदवी मिळेपर्यंत कळत नाही.

मोठ्या गणना मात्र प्रत्यक्षात अशाच मिश्र पद्धतीने होतात. हवामानाचे अंदाज, पुलाच्या खांबावरील ताण, औषधाच्या रेणूची रचना यांसाठी अनेक संगणक एकाच वेळी कामाला लावले जातात आणि त्यांच्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बहुधा दोन किंवा तीन भाषा एकत्र नांदत असतात. त्या का एकत्र आणल्या जातात, कामाची वाटणी कशी केली जाते आणि दोन भाषांच्या सीमेवर कोणत्या चुका होतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विषय तांत्रिक असला तरी गणित, भौतिकशास्त्र व भूगोल शिकवणाऱ्या प्राध्यापकांनाही तो समजावा, अशी मांडणी ठेवली आहे.

१. तीन अपेक्षा आणि त्यांतील ओढाताण :

वितरित संगणन म्हणजे एका मोठ्या गणनेचे भाग पाडून ते नेटवर्कने जोडलेल्या अनेक संगणकांना वाटून देणे आणि त्यांची उत्तरे पुन्हा एकत्र करणे. अशा गणनेकडून तीन अपेक्षा असतात. पहिली, ती वेगवान असावी. दुसरी, आज एका यंत्रावर लिहिलेला प्रोग्रॅम उद्या दुसऱ्या यंत्रावर व दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालावा. यालाच पोर्टेबिलिटी म्हणतात. तिसरी, प्रोग्रॅम लिहिणे, समजून घेणे व दुरुस्त करणे माणसाला सोपे जावे.

या तीन अपेक्षा एकाच भाषेकडून पुऱ्या करून घेणे अवघड जाते. फोर्ट्रान व सी या भाषांतील प्रोग्रॅम कंपायलर आधीच यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवतो. त्यामुळे ते वेगाने धावतात. पण एका प्रकारच्या प्रोसेसरसाठी तयार झालेली फाइल दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरवर चालत नाही, तिथे मूळ प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा लागतो. पायथॉनमध्ये याच्या उलट स्थिती आहे. इंटरप्रिटर प्रोग्रॅममधील एकेक क्रिया धावतानाच उलगडतो. ज्या यंत्रावर इंटरप्रिटर आहे तिथे तोच प्रोग्रॅम जसाच्या तसा चालतो आणि तो लिहायलाही थोडा वेळ लागतो; परंतु आकड्यांवरच्या लाखो बारीक क्रियांमध्ये तो फार मागे पडतो. जावाने १९९५ मध्ये मधला मार्ग काढला. तिचा प्रोग्रॅम बाइटकोड नावाच्या मध्यस्थ रूपात जातो आणि प्रत्येक यंत्रावरील आभासी यंत्र तो चालवते.

म्हणजे प्रश्न "कोणती भाषा चांगली" असा नसून "कामाचा कोणता भाग कोणत्या भाषेकडे द्यावा" असा आहे.

२. पार्श्वभूमी :

जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम कंपनीत तयार केलेली फोर्ट्रान भाषा १९५७ मध्ये वापरात आली. तिच्यातून जी गणिती संचिते निर्माण झाली ती आजही जिवंत आहेत. सदिश व आव्यूहांवरील मूलभूत क्रियांचे 'ब्लास' हे संचित १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि समीकरणे सोडवणारे 'लापॅक' १९९२ मध्ये आले. पायथॉनमध्ये समीकरणांचा संच एका ओळीत सोडवणारा विद्यार्थी आपण फोर्ट्रानपासून दूर आहोत असे समजतो. प्रत्यक्षात त्या एका ओळीखाली लापॅकच्याच पद्धती काम करत असतात.

अनेक संगणकांना एकत्र जोडण्याचा इतिहासही याच दिशेने जातो आणि त्यातील एक महत्त्वाचा टप्पा पुण्याशी निगडित आहे. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा समांतर महासंगणक तयार झाला. त्यात इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. शेजारच्या प्रोसेसरशी बोलण्यासाठी लागणाऱ्या जोडण्या ट्रान्सप्युटरच्या चिपवरच दिलेल्या होत्या. या चिपसाठी इन्मॉसने 'ऑकम' ही स्वतंत्र भाषाही बनवली होती आणि संदेशांची देवाणघेवाण त्या भाषेच्या व्याकरणातच होती. यंत्र व भाषा यांचा इतका सुरेख मेळ क्वचितच आढळतो. पण नव्वदीच्या दशकात ट्रान्सप्युटर मागे पडला आणि त्याच्याशी बांधलेली ऑकमही त्याच्याबरोबर मागे पडली. सी-डॅकने १९९८ मध्ये सादर केलेल्या 'परम १००००' मध्ये बाजारात मिळणारे सन कंपनीचे प्रोसेसर होते. यंत्र बदलले तरी प्रोग्रॅम टिकावा, ही गरज यातून स्पष्ट होते.

याच काळात संदेशवहनाचे काम भाषेपासून वेगळे काढण्याचे प्रयत्न झाले. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९८९ मध्ये 'पीव्हीएम' या प्रणालीचे काम सुरू झाले. निरनिराळ्या बनावटीचे संगणक जोडून त्यांचे एकच आभासी यंत्र करणे हा तिचा हेतू होता. पुढे १९९४ मध्ये 'एमपीआय' हे संदेशवहनाचे मानक प्रसिद्ध झाले. एमपीआय ही भाषा नव्हे. संदेश कसा पाठवावा, कसा घ्यावा, सर्वांकडील आकड्यांची बेरीज कशी करावी, यांसाठीच्या आज्ञांचा तो एक करार आहे. तो सी व फोर्ट्रान या दोन्ही भाषांसाठी लिहिला गेला. त्याच वर्षी थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी नासाच्या गोडार्ड केंद्रात सोळा साध्या संगणकांना इथरनेटने जोडून 'बेओवुल्फ' हा संच उभा केला. समांतर संगणन सामान्य प्रयोगशाळेच्या आवाक्यात येण्याची ती सुरुवात म्हणता येईल.

३. कामाची तीन थरांत विभागणी :

मिश्र भाषांच्या पद्धतीत प्रोग्रॅमचे ढोबळमानाने तीन थर पडतात.

(अ) बाहेरचा थर : माहितीच्या फाइली वाचणे, गणनेचे टप्पे ठरवणे, उत्तरे साठवणे व आलेख काढणे. यात ओळी पुष्कळ असतात, पण यंत्राचा वेळ थोडा जातो. हा थर वारंवार बदलतो, म्हणून तो पायथॉनसारख्या सुटसुटीत भाषेत लिहिणे सोयीचे असते.

(आ) आतला गाभा : जिथे तीच क्रिया लाखो वेळा होते तो भाग. यात ओळी थोड्या, पण जवळपास सगळा वेळ इथेच जातो. हा भाग सी, सी++ किंवा फोर्ट्रानमध्ये लिहितात.

(इ) यंत्रांमधील दुवा : एका संगणकाकडून दुसऱ्याकडे आकडे नेणे. हे काम एमपीआयसारख्या मानकाकडे सोपवतात. प्रत्येक यंत्रावर त्या यंत्राला साजेशी एमपीआयची आवृत्ती बसवलेली असते; प्रोग्रॅममधील आज्ञा मात्र बदलत नाहीत.

घरबांधणीची उपमा येथे चालू शकते. आराखडा काढणारा, गवंडी आणि सामान वाहून आणणारा अशा तिघांची गरज असते. एकाच माणसाने तिन्ही कामे केली तरी घर उभे राहील, पण त्याला किती काळ लागेल हे सांगता येणार नाही.

हे थर जोडण्याची साधने आता सहज उपलब्ध आहेत. पायथॉनमध्ये आकड्यांच्या सारण्या एकसंध स्मृतीत ठेवणारे 'न्यूमरिक' हे संचित १९९५ मध्ये सुरू झाले आणि त्याच परंपरेतील 'नमपाय'ची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ मध्ये आली. फोर्ट्रानचा गाभा पायथॉनला जोडण्यासाठी 'एफ-टू-पाय' आणि एमपीआय वापरण्यासाठी 'एमपीआय-फॉर-पाय' ही साधने आहेत. फोर्ट्रान २००३ या मानकात तर सी भाषेशी जोडणी कशी करावी याचे अधिकृत नियमच घातले गेले. त्यापूर्वी ही जोडणी प्रत्येक कंपायलरच्या मर्जीवर अवलंबून असे.

४. उदाहरण : तापलेला पत्रा :

विभागणीचा फायदा किती होतो, हे एका लहान उदाहरणाने स्पष्ट होईल. एका चौरस पत्र्याच्या कडांचे तापमान ठरलेले आहे आणि आतील प्रत्येक ठिकाणचे तापमान काढायचे आहे. त्यासाठी पत्र्यावर १००० × १००० बिंदूंची जाळी आखतात. प्रत्येक फेरीत प्रत्येक बिंदूचे नवे तापमान म्हणजे त्याच्या चार शेजाऱ्यांची सरासरी. बदल नगण्य होईपर्यंत फेऱ्या चालू ठेवतात. एका बिंदूसाठी तीन बेरजा, एक गुणाकार व जुन्या तापमानाशी तुलना करण्यासाठी एक वजाबाकी, अशा पाच क्रिया लागतात. म्हणजे दहा लाख बिंदूंसाठी एका फेरीत ५० लाख क्रिया झाल्या.

हिशेबाच्या सोयीसाठी असे गृहीत धरले की कंपाइल केलेला गाभा सेकंदाला १०० कोटी क्रिया करतो आणि इंटरप्रिटरवर चालणारा प्रोग्रॅम त्याच्या शंभरपट मंद आहे. नेटवर्कचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट धरला. पत्र्याचे चार समान पट्टे करून ते चार संगणकांना दिले, तर प्रत्येकाला २५०,००० बिंदू येतात. पट्ट्याच्या काठावरील बिंदूंना शेजारच्या पट्ट्यातील तापमान लागते, म्हणून मधल्या संगणकांना प्रत्येक फेरीत दोन ओळी पाठवाव्या लागतात. एका ओळीत १००० आकडे, प्रत्येक आकडा ८ बाइटचा. दोन ओळींचे १६,००० बाइट, म्हणजे १२८,००० बिट. त्यांना १.२८ मिलिसेकंद लागतील. (येणाऱ्या ओळी त्याच वेळी येत राहतात असे मानले आहे. प्रत्येक संदेश सुरू होण्यास लागणारा स्थिर वेळ या हिशेबात धरलेला नाही.)

आता चार परिस्थितींतील एका फेरीचा वेळ असा येतो :

केवळ इंटरप्रिटर, एक संगणक : ५०० मिलिसेकंद.
केवळ इंटरप्रिटर, चार संगणक : १२५ + १.२८ = १२६.२८ मिलिसेकंद.
कंपाइल केलेला गाभा, एक संगणक : ५ मिलिसेकंद.
कंपाइल केलेला गाभा, चार संगणक : १.२५ + १.२८ = २.५३ मिलिसेकंद.

या चार ओळींतून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली म्हणजे गाभा वेगळ्या भाषेत लिहून एकाच संगणकावर चालवला, तरी तो इंटरप्रिटर वापरणाऱ्या चार संगणकांच्या सुमारे पंचवीसपट पुढे जातो. संगणक वाढवण्याआधी गाभा सुधारणे अधिक फायद्याचे असते.

दुसरी गोष्ट फसवी आहे. चार संगणक वापरल्यामुळे वेग किती पटीने वाढला असे विचारले, तर मंद प्रोग्रॅमचे उत्तर ३.९६ पट असे येते, जवळजवळ आदर्श. वेगवान प्रोग्रॅमचे उत्तर मात्र १.९८ पटच येते. केवळ या पटीवर गुण दिले तर मंद प्रोग्रॅम लिहिणारा विद्यार्थी पहिला येईल, कारण त्याच्या प्रोग्रॅममध्ये गणना इतकी रेंगाळते की संदेशांचा वेळ जाणवतच नाही. म्हणून कोणत्याही अहवालात प्रथम प्रत्यक्ष सेकंद नोंदवावेत, पट नंतर सांगावी. आणि ती पट एका संगणकावरील उत्तमात उत्तम प्रोग्रॅमच्या तुलनेत काढावी.

जाळी मोठी केली की चित्र सुधारते. १०,००० × १०,००० बिंदू घेतल्यास गणना शंभरपट वाढते, पण काठावरच्या ओळींची लांबी केवळ दहापट होते. एका संगणकावर ५०० मिलिसेकंद, तर चार संगणकांवर १२५ + १२.८ = १३७.८ मिलिसेकंद, वाढ ३.६३ पट. मोठ्या कामात वाटणी परवडते, लहान कामात संदेशच वेळ खातात, हा वितरित संगणनाचा मूलभूत नियम या दोन हिशेबांत दिसतो.

५. सीमेवरच्या अडचणी :

दोन भाषांच्या किंवा दोन यंत्रांच्या सीमेवर ज्या चुका होतात, त्यांपैकी बऱ्याच चुकांमध्ये प्रोग्रॅम थांबत नाही. तो व्यवस्थित चालतो आणि चुकीचे उत्तर देतो. त्यामुळे या अडचणींकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

(अ) सारणीची मांडणी : दोन ओळी व तीन स्तंभांच्या सारणीत पहिली ओळ १, २, ३ आणि दुसरी ४, ५, ६ असेल, तर सी भाषा ती स्मृतीत १, २, ३, ४, ५, ६ अशी ओळीने ठेवते. फोर्ट्रान तीच सारणी स्तंभाने, म्हणजे १, ४, २, ५, ३, ६ अशी ठेवते. सी मधील स्मृती फोर्ट्रानने न बदलता वाचली तर तिला पहिली ओळ १, ३, ५ आणि दुसरी २, ४, ६ दिसेल. नमपायची सारणीही एरवी सी प्रमाणेच असते. ती फोर्ट्रानला देताना एफ-टू-पाय गरजेनुसार गुपचूप प्रत तयार करतो. उत्तर बरोबर येते, पण प्रत्येक फेरीत पूर्ण सारणीची प्रत होऊन कमावलेला वेळ निघून जातो. चाचणी चौरस व सममित पत्र्यावर घेतली तर ही मांडणीची चूक लपून राहू शकते. म्हणून चाचणीसाठी आयताकृती पत्रा घ्यावा आणि त्याची एकच बाजू गरम ठेवावी.

(आ) बाइटांचा क्रम : दोन बाइटांत साठवलेली १ ही संख्या काही यंत्रांवर ००, ०१ अशी, तर काहींवर ०१, ०० अशी असते. इंटेलचे प्रोसेसर लहान किमतीचा बाइट आधी ठेवतात. सनचे स्पार्क प्रोसेसर मोठ्या किमतीचा आधी ठेवत. एकाने लिहिलेला १ दुसऱ्याने तसाच वाचला तर तो २५६ होतो. पीव्हीएमने यासाठी सर्व आकडे प्रथम एका सामाईक स्वरूपात बदलून पाठवण्याची सोय केली होती. एमपीआयमध्ये प्रत्येक संदेशासोबत आकड्याचा प्रकार सांगावा लागतो, तो याच कारणासाठी. तो प्रकार टाळून "नुसते बाइट" पाठवणाऱ्याला ही सुरक्षा मिळत नाही.

(इ) बेरजेचा क्रम : अपूर्णांकांची गणना सर्व यंत्रांवर सारखी व्हावी म्हणून १९८५ मध्ये 'आयट्रिपलई ७५४' हे मानक आले. तरीही मर्यादित अंकांच्या गणनेत बेरजेचा क्रम बदलला की उत्तर किंचित बदलते. ०.१ व ०.२ आधी मिळवून त्यात ०.३ मिळवले तर संगणक ०.६००००००००००००००१ असे उत्तर देतो, ०.२ व ०.३ आधी मिळवून त्यात ०.१ मिळवले तर ०.६ देतो. चार संगणकांनी आपापली बेरीज करून ती एकत्र केली की क्रम बदलतोच. म्हणून चार व आठ संगणकांवरील उत्तरांचे शेवटचे अंक न जुळणे ही चूक नव्हे. मात्र किती फरक चालेल, हे गणनेपूर्वी ठरवले पाहिजे. उत्तर पाहून नंतर ठरवणे योग्य नाही.

(ई) सीमा वारंवार ओलांडणे : पायथॉनमधून सी मधील कार्य बोलावताना प्रत्येक वेळी काही वेळ जातो. एकेका बिंदूसाठी असे दहा लाख वेळा केले तर गाभा कितीही वेगवान असला तरी उपयोग होत नाही. पूर्ण पट्टा एकदाच द्यावा व एकदाच परत घ्यावा. संदेशांनाही हेच लागू आहे. एमपीआय-फॉर-पायमध्ये पाठवण्याच्या दोन आज्ञा आहेत. लहान आद्याक्षराची 'सेंड' पायथॉनमधील कोणतीही वस्तू पाठवते, पण आधी तिचे बाइटांच्या मालिकेत रूपांतर करते. मोठ्या आद्याक्षराची 'सेंड' नमपायची सारणी स्मृतीतून थेट पाठवते. एका अक्षराचा फरक, पण मोठ्या सारण्यांमध्ये वेळेचा फरक लक्षणीय असतो.

(उ) एककांचा करार : मंगळाकडे पाठवलेले नासाचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. जमिनीवरील एक प्रोग्रॅम यानाच्या इंजिनांनी दिलेला आवेग पौंड-सेकंदांत देत होता, तर त्याची फाइल वापरणारा प्रोग्रॅम ते आकडे न्यूटन-सेकंदांत आहेत असे मानत होता. आकडे बिनचूक पोहोचले. त्यांचा अर्थ पोहोचला नाही. एकक, मांडणी, आकड्याचा प्रकार व सीमा या चार गोष्टी लेखी ठरवल्याशिवाय दोन भाग जोडू नयेत, हा धडा भाषांच्या सीमेलाही तंतोतंत लागू पडतो.

६. सर्वत्र चालणे म्हणजे नेमके काय ?

पोर्टेबिलिटी या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. तयार फाइल कोणत्याही यंत्रावर तशीच चालणे हा एक अर्थ. मूळ प्रोग्रॅम बदल न करता नव्या यंत्रावर पुन्हा कंपाइल होणे हा दुसरा. जावाचा बाइटकोड पहिल्या अर्थाने सर्वत्र चालतो. परंतु जावातून सी मधील गाभा बोलावण्याची सोय, जी १९९७ मध्ये आली, ती वापरताच हा गुण कमी होतो. कारण त्या गाभ्याची फाइल प्रत्येक यंत्रासाठी वेगळी बनवावी लागते. वेगासाठी दिलेली ही किंमत आहे.

मिश्र पद्धतीत बहुधा दुसऱ्या अर्थाची पोर्टेबिलिटी साधते आणि गाभा जितका लहान व मानकाला धरून असेल तितकी ती टिकते. दोनशे ओळींचा मानक फोर्ट्रानमधील गाभा पंधरा वर्षांनीही नव्या कंपायलरवर चालण्याची शक्यता मोठी असते. एकाच कंपनीच्या खास सोयींवर बेतलेल्या वीस हजार ओळींबद्दल असे म्हणता येत नाही. ऑकम व ट्रान्सप्युटरचा इतिहास हेच सांगतो.

७. एकाच भाषेचा मार्ग :

दोन भाषा सांभाळण्याचा त्रास खरा आहे. दोन्ही भाषा जाणणारा माणूस लागतो, चुका शोधणे कठीण जाते आणि कंपायलर, संचिते व इंटरप्रिटर यांच्या आवृत्त्या जुळवाव्या लागतात. हा त्रास टाळावा म्हणून २०१२ मध्ये 'ज्युलिया' ही भाषा पुढे आली. ती लिहायला सुटसुटीत असून प्रोग्रॅम धावताना त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करते. पायथॉनमध्येही 'नंबा' हे साधन निवडक कार्यांचे असेच रूपांतर करते. मात्र ज्युलियासुद्धा आव्यूहांच्या क्रियांसाठी ब्लास व लापॅकचाच आधार घेते आणि वितरित गणनेसाठी एमपीआय वापरू शकते. म्हणजे भाषा एक झाली तरी थर उरतात, आणि सीमेवरचा विचार टळत नाही.

८. अध्यापनाच्या दृष्टीने :

हा विषय शिकवण्यासाठी महासंगणक लागत नाही. एमपीआयच्या मोफत आवृत्त्या साध्या संगणकावर बसतात आणि एकाच संगणकावर चार प्रक्रिया चालवूनही सराव करता येतो. प्रयोगशाळेत जुने, वेगवेगळ्या वर्षी घेतलेले संगणक असतील तर पोर्टेबिलिटी तपासण्यास ते उलट उपयोगीच पडतात. तापलेल्या पत्र्याचे उदाहरण घेऊन पुढील क्रमाने प्रात्यक्षिक रचता येईल :

१) संपूर्ण प्रोग्रॅम केवळ पायथॉनमध्ये, लहान आयताकृती जाळीवर लिहावा व उत्तर जपून ठेवावे. पुढील प्रत्येक टप्प्याची कसोटी हेच उत्तर.
२) वेळ कुठे जातो हे अंदाजाने न ठरवता मोजून पाहावे.
३) केवळ तोच भाग सी किंवा फोर्ट्रानमध्ये लिहावा आणि उत्तर पहिल्याशी ताडून पाहावे.
४) त्यानंतरच पट्टे पाडून एमपीआयने वाटणी करावी.
५) एक, दोन व चार प्रक्रियांवर लागलेले सेकंद तक्त्यात मांडावेत; गणनेचा व संदेशांचा वेळ वेगळा दाखवावा.
६) तोच मूळ प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावर पुन्हा कंपाइल करून चालवावा. काय बदलावे लागले, याची नोंद हा अहवालाचा आवश्यक भाग असावा.

क्रम बदलून चौथा टप्पा आधी घेतला तर चूक गणनेत आहे, भाषांच्या जोडणीत आहे की संदेशात आहे, हे विद्यार्थ्याला कळणार नाही.

या प्रात्यक्षिकात निरनिराळ्या विभागांना एकत्र येण्यासही वाव आहे. अनेक महाविद्यालयांत भौतिकशास्त्र विभागात जुने फोर्ट्रान प्रोग्रॅम पडून असतात आणि ते कालबाह्य समजून नव्या भाषेत पहिल्यापासून लिहिण्याचा आग्रह धरला जातो. वर्षानुवर्षे तपासलेला गाभा फेकून देण्यापेक्षा त्याला नवा बाहेरचा थर द्यावा. श्रम वाचतील आणि उत्तरांवरील विश्वासही टिकेल.

समारोप :

वेग, पोर्टेबिलिटी व सुलभता या तीन अपेक्षा एकाच ठिकाणी पुऱ्या होत नाहीत, म्हणून काम थरांत वाटले जाते. ही वाटणी फायद्याची ठरते, पण तीन अटींवर : गाभा लहान व मानकाला धरून असावा, सीमा क्वचित व मोठ्या गठ्ठ्याने ओलांडावी, आणि सीमेवरचा करार लेखी असावा. या अटी पाळल्या नाहीत तर संगणकांची संख्या वाढवूनही वेळ वाचत नाही. प्रसंगी उत्तरही चुकते आणि ते चुकले आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

"सगळ्यांत चांगली भाषा कोणती" असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला म्हणूनच एखाद्या भाषेचे नाव सांगून मोकळे होणे पुरेसे नाही. कामाचा कोणता भाग, किती वेळा, किती यंत्रांवर आणि किती वर्षे चालवायचा आहे, हे त्याला आधी विचारावे. या चार प्रश्नांची उत्तरे तो शोधू लागला की भाषेची निवड त्याची त्यालाच करता येते.